०२४० ची हद्द : कार्यालयाचे स्थलांतर आणि दूरध्वनी

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाकडून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेला उस्मानपुरा हा भाग शासकीय तंत्रनिकेतनामुळे आणि पीर बाजारामुळे जसा ओळखला जातो, तसाच तो सनदी लेखापाल, शिकवणी वर्ग, दवाखाने, विमा प्रतिनिधी आणि लहान वितरक यांच्या कार्यालयांमुळेही शहरवासीयांच्या परिचयाचा आहे. यांपैकी अनेक कार्यालये घराच्या तळमजल्यावर किंवा दोन खोल्यांच्या गाळ्यात सुरू झाली आणि माणसे वाढली, वाहने उभी करायला जागा उरली नाही किंवा ग्राहकच वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याकडे सरकले, की त्यांना नवी जागा शोधावी लागते. जागा बदलताना फर्निचर, वातानुकूलन, संगणक आणि दर्शनी फलक यांची अंदाजपत्रके महिनोन्‌महिने आधी तयार होतात. दूरध्वनीचा विचार मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो आणि तोही ‘आता नवे यंत्र कोणते घ्यायचे’ या प्रश्नापासून सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. स्थलांतराच्या वेळी दूरध्वनी व्यवस्था अद्ययावत करणे योग्यच असते, कारण वायरिंग नव्याने होणारच असते. परंतु त्या कामात आधी क्रमांक, मग वाहिन्यांची संख्या, मग वीज आणि वायरिंग, आणि सर्वांत शेवटी यंत्र असा विचार झाला, तर खर्चही आटोक्यात राहतो आणि ग्राहकही तुटत नाही.

कार्यालयातील दूरध्वनी व्यवस्थेचे तीन घटक असतात. दूरसंचार कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या वाहिन्या, ज्यांना व्यवहारात ट्रंक किंवा नुसते ‘लाइन’ म्हणतात. टेबलाटेबलांवरचे आतले फोन, म्हणजे एक्स्टेन्शन. आणि या दोहोंना जोडणारे ईपीएबीएक्स नावाचे यंत्र, जे कार्यालयापुरते छोटे दूरध्वनी केंद्रच असते. वीस माणसांना वीस स्वतंत्र लाइन घेण्याची गरज पडत नाही, कारण वीसही जण एकाच क्षणी बाहेर बोलत नसतात, आणि या साध्या निरीक्षणावरच हे यंत्र उभे आहे. भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे पहिली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, तेव्हा ही जोडणी माणसाच्या हाताने होत असे. पुढे ती यांत्रिक आणि नंतर इलेक्ट्रॉनिक झाली. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने देशी बनावटीची लहान इलेक्ट्रॉनिक केंद्रे आणि कार्यालयीन विनिमय यंत्रे विकसित करून त्यांचे तंत्रज्ञान भारतीय उत्पादकांना दिले, आणि त्यानंतरच्या काळात देशी ईपीएबीएक्स मध्यम आकाराच्या कार्यालयांच्या आवाक्यात आले. आज भिंतीवर धूळ खात, तरीही इमानाने चालू असलेल्या अनेक पेट्या त्याच परंपरेतल्या आहेत.

आता क्रमांकाकडे वळावे लागते, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. मोबाइलचा क्रमांक माणसाबरोबर फिरतो. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक मात्र मुळात जागेला बांधलेला असतो. देशाच्या क्रमांकन योजनेत प्रत्येक जिल्ह्याचे लहान लहान आकारणी विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागाला स्वतःचा एसटीडी संकेतांक दिलेला आहे, आणि आरंभीचे शून्य वगळता संकेतांक व स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. संभाजीनगरचा संकेतांक ०२४० असल्याने येथील क्रमांक सात अंकी आहेत. मुंबईचा संकेतांक दोनच अंकांचा, म्हणून तेथील क्रमांक आठ अंकी. उस्मानपुऱ्यातून कार्यालय वाळूजला गेले, तर महसुली दृष्ट्या ते गंगापूर तालुक्यात जाते. पण वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे दूरध्वनी ०२४० खालीच असल्याने संकेतांक तोच राहतो. याउलट पैठण रस्त्यावरील चितेगाव शहरापासून वाळूजपेक्षा फार दूर नसले, तरी तेथील कारखान्यांचे दूरध्वनी पैठणच्या ०२४३१ या संकेतांकाखाली आलेले आहेत आणि तेथे स्थानिक क्रमांक सहा अंकी आहे. म्हणजेच त्या रस्त्याने काही किलोमीटर पुढे गेल्यावर जुना क्रमांक नेता येणे तत्त्वतःच अवघड होते. बिडकीनकडे, म्हणजे ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीच्या दक्षिणेकडील भागात, जागा पाहणाऱ्याने भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच हा प्रश्न दूरसंचार कंपनीला विचारलेला बरा. महसुलाचा नकाशा आणि दूरध्वनीचा नकाशा एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट सहसा स्थलांतर झाल्यावरच उमगते.

संकेतांक तोच राहिला, तरी क्रमांक राहीलच असे नाही. पूर्वी एका शहरातही क्रमांकाचे आरंभीचे अंक विशिष्ट दूरध्वनी केंद्राशी निगडित असत, कारण त्या केंद्रातून निघालेली तांब्याच्या तारेची जोडी प्रत्यक्ष ग्राहकाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली असे. त्यामुळे एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्या केंद्राच्या हद्दीत गेले, की नवा क्रमांक मिळे. जुनी केंद्रे जाऊन त्यांच्या जागी इंटरनेटच्या तंत्रावर चालणारी नव्या पिढीची केंद्रे आल्यापासून एकाच संकेतांकाच्या हद्दीत जुना क्रमांक टिकवणे तांत्रिकदृष्ट्या पुष्कळ सोपे झाले आहे, पण ते त्या त्या कंपनीच्या जाळ्यावर आणि नव्या इमारतीपर्यंत तिची केबल पोहोचली आहे की नाही यावर अवलंबून असते. कंपनीच बदलायची असेल, तर मात्र वाट बंद होते. २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेली क्रमांक-सुवाह्यता, म्हणजे कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय, ही मोबाइलपुरती आहे. लँडलाइनला ती नाही. त्यामुळे ‘स्वस्त पडते म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी घेऊ आणि नंबर जुनाच ठेवू’ हा बेत कागदावरच राहतो.

जुन्या क्रमांकाची किंमत किती, हे ठरवताना त्याच्या मोहापेक्षा त्याचा प्रसार पाहावा. तो क्रमांक बँकेच्या नोंदीत, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत, बिलांवर, नकाशावरील नोंदीत, जुन्या दिनदर्शिकांवर आणि शेकडो ग्राहकांच्या मोबाइलमध्ये साठवलेला असतो. आणि अनोळखी क्रमांक उचलायचाच नाही अशी सवय लोकांना लागलेल्या काळात ओळखीच्या क्रमांकाला वेगळेच मोल आले आहे. (२०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा असंख्य व्यावसायिकांनी लेटरहेड नव्याने छापून घेतली, दूरध्वनीचा संकेतांक तेवढा जुन्या नावासोबत होता, तसाच नव्या नावासोबत राहिला.) क्रमांक टिकणार नसेल, तर जुनी जोडणी बंद न करता काही महिने तिच्यावर येणारे कॉल नव्या क्रमांकाकडे वळवणे, म्हणजे कॉल फॉरवर्ड करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मेघाधारित सेवा देणाऱ्या कंपन्या ‘आभासी क्रमांक’ देतात आणि तो कोणत्याही जागेला बांधलेला नसतो, ही सोय खरी आहे. परंतु तो क्रमांक कागदोपत्री कोणाच्या नावावर राहणार आणि सेवा सोडल्यावर तो कोणाकडे जाणार, हे करारात वाचल्याशिवाय तो फलकावर रंगवू नये.

यानंतरचा प्रश्न वाहिन्या किती घ्याव्यात हा, आणि येथे अंदाजापेक्षा गणित उपयोगी पडते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी रहदारीवरील पहिला निबंध आणि १९१७ मध्ये आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र प्रसिद्ध केले. कॉल कधी येतील हे कोणालाच आधी माहीत नसते, तरी ते किती येतात आणि सरासरी किती वेळ चालतात हे मोजले, तर दिलेल्या वाहिन्यांमध्ये किती जणांना ‘बिझी’ ऐकू येईल हे काढता येते, हा त्याचा गाभा. समजा एखाद्या कार्यालयात सर्वांत गर्दीच्या तासात साठ कॉल होतात आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटे चालतो. एकूण बोलणे १८० मिनिटांचे, म्हणजे साठ मिनिटांच्या तासात तीन वाहिन्या अखंड भरतील एवढे झाले; या मापाला तीन एरलांग म्हणतात. मग तीन लाइन पुरतील, असे सहज वाटते. प्रत्यक्षात कॉल रांगेने येत नाहीत, ते झुंडीने येतात आणि मध्ये शांतता पसरते. सूत्रानुसार तीन लाइनवर दर शंभरांतील सुमारे पस्तीस कॉलना बिझी लागेल, चार लाइनवर सुमारे एकवीस, सहा लाइनवर पाच, आणि आठ लाइन घेतल्या तर एकाहूनही कमी. चारवरून आठवर जाताना लाइनभाडे दुप्पट होते, पण परत पाठवले जाणारे कॉल पंचवीसपटीने घटतात. शिवाय बिझी लागलेला माणूस पुन्हा पुन्हा फोन लावतो हे या सूत्रात धरलेले नाही, म्हणून वस्तुस्थिती आकड्यांहून थोडी वाईटच असते.

या गणितासाठी लागणारी माहिती बहुतेक कार्यालयांत आधीपासून पडून असते. ईपीएबीएक्स प्रत्येक कॉलची वेळ, कालावधी आणि एक्स्टेन्शन यांची नोंद ठेवू शकते आणि ती नोंद संगणकावर उतरवून घेता येते. यंत्राची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितले, तर हे काम तासाभराचे आहे. मात्र मोजणीचा काळ नीट निवडावा लागतो. सनदी लेखापालाच्या कार्यालयाची खरी गर्दी विवरणपत्रांच्या मुदती जवळ आल्यावर होते, शिकवणी वर्गांची दहावी-बारावीच्या निकालानंतर, दवाखान्याची साथीच्या दिवसांत आणि एरवीही सोमवारी सकाळी. फेब्रुवारीतील निवांत पंधरवड्यावरून जूनसाठी वाहिन्या ठरवल्या, तर नवी व्यवस्था पहिल्याच हंगामात तोकडी पडते. ज्या व्यवसायात लोक मुळात मोबाइलवर किंवा व्हॉट्‌सअ‍ॅपवरच बोलतात, तेथे हीच मोजणी उलट उत्तर देईल आणि लाइन कमी करता येतील; तेही उत्तर तितकेच मोलाचे आहे.

संख्या ठरली की वाहिनीचा प्रकार ठरतो. लहान कार्यालयात साध्या अ‍ॅनालॉग लाइन असतात आणि त्या ‘हंटिंग’मध्ये लावलेल्या असतात, म्हणजे जाहीर केलेला एकच मुख्य क्रमांक व्यस्त असला, तर कॉल आपोआप पुढच्या मोकळ्या लाइनवर जातो. मोठ्या कार्यालयांत आणि रुग्णालयांत पीआरआय ही डिजिटल वाहिनी दिसते, जिच्यात सेकंदाला २०.४८ लाख बिट वाहून नेणाऱ्या एकाच जोडणीत तीस संभाषणे एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट लागणारा स्वतंत्र क्रमांक देता येतो. तिसरा आणि आता वेगाने रुळणारा प्रकार म्हणजे सिप ट्रंक. सिप हा २००२ मध्ये सध्याच्या स्वरूपात प्रसिद्ध झालेला एक संकेत असून, कॉल कसा सुरू करायचा, कोणाकडे न्यायचा आणि कसा संपवायचा हे त्यात ठरवलेले असते. आवाज डेटाच्या तुकड्यांत विभागून त्याच फायबरवरून जातो, ज्यावरून कार्यालयाचे इंटरनेट चालते. अशा एका संभाषणाला नेहमीच्या दर्जात दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात, त्यामुळे आठ संभाषणांनाही एक मेगाबिट पुरते. अडचण वेगाची नसतेच. डेटाचे तुकडे उशिरा किंवा पुढेमागे पोहोचण्याची असते. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे, आणि म्हणून कार्यालयाच्या राउटरमध्ये आवाजाला व्हिडिओ आणि फाइलींपेक्षा प्राधान्य देऊन ठेवावे लागते. सिप ट्रंक परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. मुंबईच्या कार्यालयातला कॉल खासगी इंटरनेटवरून संभाजीनगरात आणून येथल्या स्थानिक लाइनवर सोडणे आणि त्यायोगे परवानाधारकाच्या जाळ्याला वळसा घालणे नियमबाह्य आहे, मग विक्रेता ते कितीही सहजपणे सुचवो.

तांब्याची लाइन आणि फायबर यांतील एक फरक ग्राहकांच्या ध्यानात उशिरा येतो. जुन्या दूरध्वनीला वीज केंद्रातूनच मिळत असे. तेथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा मोठा संच असल्याने मोहल्ल्यातली वीज गेली, तरी फोन जिवंत राही. फायबरवर ही सोय उरत नाही. प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी पेटी, राउटर, स्विच, ईपीएबीएक्स आणि टेबलावरचे फोन या सर्वांना कार्यालयातलीच वीज लागते, आणि यांपैकी एक जरी यूपीएसवर नसले, तरी बाकीचे चालू राहून उपयोग नसतो. आयपी फोनना स्विचमधून त्याच केबलद्वारे वीज पुरवण्याची पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली असून, तीत स्विच प्रत्येक जोडणीला १५.४ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. त्यामुळे टेबलावर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही आणि एक स्विच यूपीएसवर घेतला की सर्व फोन सुरक्षित होतात. तांबे वेगाने मागे पडत आहे हे मान्य करावेच लागेल: ऑगस्ट २०२२ मध्ये स्थिर दूरध्वनीच्या ग्राहकसंख्येत फायबरवर उभ्या असलेल्या जिओने बीएसएनएलला मागे टाकले, आणि त्याआधी २०२० च्या आरंभी स्वेच्छानिवृत्तीने बीएसएनएलचे सुमारे ७८,००० कर्मचारी एकदम बाहेर पडल्यामुळे जुन्या तारांची देखभालही विरळ झाली होती. तरीही नव्या जागेत चांगली तांब्याची जोडी मिळत असेल, तर उद्‌वाहकातील आपत्कालीन फोन आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा यांच्यासाठी एक साधी लाइन राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात एवढेच, की ते छताचे पीओपी आणि फर्निचर होण्यापूर्वी झाले पाहिजे. जुन्या पद्धतीत बाहेरच्या तारा क्रोन नावाच्या जोडपट्टीवर येत आणि तेथून दोन तारांच्या केबलने टेबलापर्यंत जात. आता संगणक आणि फोन या दोहोंसाठी कॅट-सिक्स केबल टाकावी, प्रत्येक टेबलापाशी दोन जोडण्या ठेवाव्यात, एका केबलची लांबी शंभर मीटरच्या आत राखावी आणि ती विजेच्या पाइपातून नेऊ नये. प्रत्येक टोकाला क्रमांकाची पट्टी लावली नाही, तर वर्षभराने पहिला बिघाड शोधायला तंत्रज्ञाला अर्धा दिवस लागतो आणि त्याची मजुरी कार्यालयाच्या खिशातून जाते.

यंत्राची निवड आता सोपी होते, कारण प्रश्न कमी उरलेले असतात. जुने ईपीएबीएक्स चांगले चालत असेल, त्याची सुटी कार्डे बाजारात मिळत असतील आणि माणसे वाढणार नसतील, तर ते काढून नव्या जागी लावण्यात काहीही कमीपणा नाही. सिप लाइन घेऊन तिला जुन्या यंत्राशी जोडणारा गेटवे मिळतो. यंत्र काढण्यापूर्वी त्यातील प्रोग्रॅमिंगची प्रत मात्र घ्यावी, कारण कोणता कॉल कुठे वाजतो, रात्री कोणाकडे जातो, कोणत्या एक्स्टेन्शनवरून परदेशी फोन लागतो हे सारे त्यातच असते आणि सहसा कागदावर कोठेही लिहिलेले नसते. वाळूज आणि शहर अशा दोन जागी विभागलेल्या कार्यालयाला आयपी यंत्र खरोखर उपयोगी पडते, कारण दोन्हीकडची एक्स्टेन्शन एकाच व्यवस्थेत येतात. ज्यांची निम्मी माणसे फिरतीवर असतात, त्यांना मेघाधारित सेवा सोयीची, पण तिचे भाडे माणशी आणि दरमहा असल्याने पाच वर्षांचा हिशोब मांडल्याशिवाय ती स्वस्त म्हणू नये. दहाबारा माणसांच्या, एकाच जागी बसणाऱ्या कार्यालयाला अजूनही भिंतीवरची पेटीच परवडते, असे आकडे मांडल्यावर बहुधा दिसून येते.

नवे यंत्र लागले की दोन गोष्टी त्याच दिवशी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे संकेतशब्द. कारखान्यातून आलेला मूळ संकेतशब्द तसाच ठेवलेल्या यंत्रांत बाहेरून शिरून रात्रीतून परदेशी कॉल लावण्याचा प्रकार जगभर परिचित आहे आणि त्याचे बिल यंत्राच्या मालकाला भरावे लागते. गरज नसल्यास आंतरराष्ट्रीय सेवा बंदच ठेवावी आणि आयपी यंत्र थेट इंटरनेटवर उघडे सोडू नये. दुसरी म्हणजे डायलिंगचे नियम. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले, आणि ज्या यंत्रांत ठरावीक अंकांनी सुरू होणारे कॉल अडवलेले असतात, तेथे हा बदल नोंदवावा लागतो. अन्यथा शून्याने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक एसटीडी समजून यंत्र तो थांबवते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये लँडलाइनवरून लँडलाइनला लावतानाही शून्य आणि संकेतांकासह पूर्ण क्रमांक फिरवण्याची शिफारस केली आहे, म्हणून नवे यंत्र घेताना हे नियम स्वतः बदलता येतात की प्रत्येक वेळी विक्रेत्याला बोलवावे लागते, हे विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष बदल शनिवारी संध्याकाळी सुरू करून रविवारी तपासणीसाठी मोकळा ठेवण्याची पद्धत रूढ आहे आणि ती योग्यच आहे, परंतु लाइन स्थलांतरित करण्याचा अर्ज त्याच्या कित्येक आठवडे आधी गेलेला असला पाहिजे, कारण नव्या इमारतीत केबल पोहोचवणे हे कंपनीच्या वेळापत्रकावर चालते. तपासणीत आत येणारा कॉल, बाहेर जाणारा कॉल, एकाकडून दुसऱ्याकडे वळवलेला कॉल, सुट्टीच्या दिवसाची ध्वनिमुद्रित सूचना आणि वीज बंद करून केलेला कॉल एवढे तरी यावे, आणि कंपनीच्या नोंदीत जोडणीचा पत्ता बदलला आहे याची खात्री करावी. बदललेली पेटी आणि तिच्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवाव्यात, कारण दोहोंसाठीही २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. उस्मानपुऱ्यातील जुनी लाइन मात्र सर्वांत शेवटी, नव्या क्रमांकावर कॉल स्थिरावल्याची नोंद यंत्रात दिसल्यावरच परत करावी; परत केलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि त्यानंतर तो मागून मिळत नाही.